दगड पाणी सोडतो का

ते एकोणीसशे सत्तावन्न साल. निजामी जाऊन नऊ वर्षं होत आली होती आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याला अजून पुरतं वर्षही झालं नव्हतं. परभणीच्या कचेरीत कुणी मराठीत दरखास्त लिही, कुणी अजून उर्दूत. चुडावा स्टेशनापासून दोन कोसांवर मात्र राज्य कुणाचंही आलं तरी फरक पडत नव्हता. तिथं नुसता माळ होता, माळाच्या पोटाशी कुंड होतं आणि कुंडातलं पाणी बारमाही कोमट असायचं. त्याला सगळे उनाळं म्हणत.

उनाळ्याच्या काठाला उमाजी आणि केवळाबाई या धनगर नवराबायकोची वस्ती होती. शेजारी केवळाबाईची थोरली जाऊ अंबाबाई, तिचं वेगळं छप्पर. एवढीच माणसं, बाकी मेंढरं.

केवळाबाईचा जन्म वाटेवरचा. दोन गावांच्या मध्ये एका बाभळीखाली तिची आई बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी कळपामागं चालू लागली. तेव्हापासून केवळाबाईही चालतच होती. आधी आईच्या पाठीवर, मग आईच्या मागं, मग लग्न झाल्यावर उमाजीच्या मागं. तट्टावर भांडीकुंडी, तट्टाच्या पाठीवर कोंबड्या, कडेवर पोर. दोन पोरं तिनं वाटेतच पुरली. पुढं ती ठिकाणंही सापडेनात, कारण त्या वाटा पुन्हा लागल्या नाहीत.

बारा वर्षांपूर्वी मेंढ्या व्यायला आल्या म्हणून ते महिनाभर या माळावर थांबले होते. केवळाबाईनं सहज म्हणून कातरलेली लोकर कुंडात बुडवली. नदीच्या गार पाण्यात चार चार वेळा खंगाळली तरी न सुटणारा मेणचटपणा रिठ्याच्या दोन मुठींत सुटला. लोकर अशी फुलली की पूर्णेच्या बाजारात व्यापारी तिला बोट लावून बघायचे. आजूबाजूचे धनगरही आपली लोकर धुवायला तिच्याकडं आणून टाकू लागले. धुण्याच्या बदल्यात कुणी जवारी देई, कुणी कोकरू. तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली होती, "तुमी जावा मेंढरामागं पावसाळाभर. मी हितंच ऱ्हाते." आणि ती राहिली. बारा वर्षं एकाच जागी चूल पेटत होती. देवाकडं तिनं याहून जास्त काही मागितलं नव्हतं. पायांना पुरे झालं होतं, एवढंच.

त्या साली संक्रांत झाल्यावर सरकारची बोरिंगवाली मंडळी आली. चार डेरे, एक इंजिन, लोखंडी तिपाई आणि दहाबारा माणसं. कुंडाच्या वरच्या अंगाला, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर त्यांनी तिपाई उभी केली. त्यांचे ओव्हरसियर दिनकरराव नगरकडचे. पन्नाशीला टेकलेले, अंगानं किडकिडीत, दम्याचे. चहा फार प्यायचे आणि दूध अंबाबाईच्या शेळीचं घ्यायचे, त्यामुळं वस्तीशी ओळख व्हायला वेळ लागला नाही.

सरकारला काय पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. रेल्वे जवळ, मेंढरं जवळ, कोमट पाणी जमिनीतच. तेव्हा इथं लोकर धुण्याचं केंद्र काढायचा विचार होता. भोक पाडायचं, खालचं ऊन पाणी पंपानं वर आणायचं, हौद बांधायचे आणि साऱ्या इलाख्याची लोकर इथं धुवायची.

"मंग माणसं लागतील की," उमाजी म्हणाला.

"लागतील. चौकीदारही लागेल."

"चौकीदाराला कापडं खाकी आसतेत का?"

"खाकी असतात. वर पट्टाही असतो."

त्या दिवसापासून उमाजी वरच्या डेऱ्यात जास्त आणि मेंढरांत कमी दिसू लागला. पाणी भर, लाकडं आण, खिळे मोज. अंबाबाई त्याला येता-जाता टोचायची. "भावजी, पट्टा आधी कमरंला बांधतेत का गळ्याला?" तो हसायचा. पंचेचाळिशीत माणूस असा हरखलेला केवळाबाईनं पाहिला नव्हता. तिला त्याची कीवही यायची आणि भीतीही वाटायची. भीती साधी होती. वरून पाणी ओढलं तर खाली कुंडात काय उरणार?

एका दुपारी ती चहाचं दूध घेऊन गेली तेव्हा दिनकरराव भोकातून निघालेल्या दगडाच्या कांड्या पेटीत ओळीनं लावत होते. मनगटाएवढ्या जाड, हातभर लांब. पहिल्या सगळ्या काळ्या, आपल्या माळाच्याच. मग एकदम चारपाच पिवळट, खरखरीत, गव्हाच्या भरड्यासारख्या.

"ह्यो दगड आपल्याकडचा न्हाई," ती म्हणाली.

"आपल्याकडचाच. काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दडलाय, दोनशे फुटांवर. वाळूचा दगड आहे हा. कधीकाळी इथं नदी असेल, तिची वाळू दबून दबून दगड झाली. ऊन पाणी यातच आहे." त्यांनी एक कांडी बादलीत सोडली. तिच्या अंगातून बारीक बुडबुडे वर आले आणि येतच राहिले. "बघितलंत, कसा पाणी पितोय. याच्या अंगात भोकंच भोकं आहेत. पण नुसता पितो यावर काही ठरत नाही. प्यालेलं पाणी पुढं जाऊ देतो की धरून बसतो, हा सगळा मामला आहे. भोकं असणं वेगळं आणि भोकातून भोकात वाट असणं वेगळं."

केवळाबाईनं बादलीत वाकून बघितलं. "घोंगडीवानी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चिंचुक्याची खळ दिलेली दाट घोंगडी पावसात मणभर पाणी पिती, पर आत टिपूस येऊ देत न्हाई. तीच इरळ इणलेली आसली का पाणी ह्या अंगानं त्या अंगानं. लोकर दोनीत सारखीच."

दिनकररावांनी कपबशी खाली ठेवली. "आमच्या बड्या साहेबांना हे सांगायला तीन दिवस लागले होते," ते म्हणाले.

"मंग ह्यो दगड दाट हाय का इरळ?"

"तेच बघायचंय."

"इरळ आसला तर मपलं उनाळं आटंल."

त्यांनी कांडी बादलीतून काढून पेटीत ठेवली. मग म्हणाले, "आपण वरून भोकात रंग सोडू. तुमच्या कुंडात उतरला तर दोन्ही पाणी एकच. मग बघू काय करायचं ते."

"मग बघू" हे शब्द केवळाबाईनं पदराला गाठ मारावी तसे धरले. तिला वाटलं, रंग आला तर सरकारला कळेल की हे पाणी बाईचं आहे, आणि सरकार हात आखडता घेईल. नाही आला तर पंप कितीही ओढो, कुंडाला धक्का नाही. दोन्हीकडून आपलं बरंच आहे.

रंग आला तो टिनाच्या डबीत. दिनकररावांनी झाकण काढून तिला दाखवला. तांबडी भुकटी, मेंढरांच्या पाठीवर खूण करायच्या गेरूसारखी, थोडी भडक.

"हा रंग. तुमची बसायची जागाच कुंडाकाठी आहे, तेव्हा तुम्हीच लक्ष ठेवा. चार दिवस. पाण्यात हा दिसला की कुणालाही धाडून मला कळवा."

"तांबडा."

"तांबडा."

डबीसोबत इंग्रजीत छापलेला एक कागद होता. तो त्यांनी अर्धा वाचून खिशात ठेवला होता, कारण त्या दिवशी दमा उठला होता. बादलीत भुकटी कालवली तेव्हा पाणी लालभडक झालं. वर कुठं हिरवट झाक मारली, ती त्यांना इंजिनाच्या तेलाची वाटली. बादली भोकात रिकामी झाली.

केवळाबाई चार दिवस काठावर बसली. कातरणी नुकतीच झाली होती, लोकरीचे ढीग पडलेले, त्यामुळं बसून हात रिकामे ठेवणं शक्यच नव्हतं. ती धूत होती आणि बघत होती. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. डोळे तांबड्याला इतके लागले होते की झोपेत गेरू दिसायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी उन्हात पाणी किंचित हिरवट दिसलं. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्यासारखं.

"अक्का, तुमच्या शेळ्या उतरल्या व्हत्या का पाण्यात?" तिनं विचारलं.

अंबाबाई चूल सारवत होती. "मपल्या शेळ्यांला तुज्या उनाळ्याचं काय पडलंय. शेवाळ सुटलं आसंल."

"बारा वर्सांत सुटलं न्हाई ते आता सुटलं व्हय."

"मंग सरकार आलंय ना जवळ. त्याचं तोंड बघून पाणीबी हिरवं पडलं."

दोघी हसल्या. केवळाबाईनं पाण्यात हात घालून बघितला. ऊब तीच होती. तिनं पुढचा ढीग बुडवला. चौथ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती वर गेली आणि सांगून आली, "तांबडं काय आलं न्हाई, साहेब." दिनकररावांनी वहीत टिपून घेतलं. परत येताना तिचे पाय हलके पडत होते. कुंड वेगळं, भोक वेगळं. आता बसवा म्हणावं पंप.

आठवड्यानं ती गाठोडी घेऊन चुडाव्याहून गाडीनं पूर्णेला गेली. लोकर घेणारा किशनराव ठरलेला होता. दुकानापुढं पोतं अंथरून त्यानं गाठोडं उन्हात सोडलं. वरची लोकर काळी, आपल्या मेंढरांची असते तशी. खाली पाचसहा पांढऱ्या मेंढ्यांची. ती बाहेर आली तशी किशनरावानं भुवया वर केल्या.

"केवळाबाई, औंदा मेंढ्यांची लगनं लावली का काय?"

"काय झालं?"

"हळद लागलीय की सगळ्यांला."

तिनं वाकून बघितलं. पांढरी लोकर पिवळी पडली होती. नुसती पिवळीही नाही. उन्हात तिच्यावर एक हिरवी तकाकी होती, पोपटाच्या पिसासारखी. शेजारचे दोघंतिघं बघायला आले. कुणी म्हणालं मूत लागलं असेल, कुणी म्हणालं रोग आहे.

"काळी घेतो," किशनराव म्हणाला. "ही वापस न्या. लोक मला इचारतेल, बैराग्याच्या जटा इकायलास का म्हणून."

तिनं दुकानातल्या रांजणातून तांब्याभर पाणी मागितलं. एक झुबका भिजवून तांब्यावर पिळला. बोटांच्या फटीतून जे गळलं ते हिरवं होतं. त्या दुपारी कुंडात दिसलेलं तेच हिरवं, कोवळ्या हरभऱ्याचं. ती तशीच उकिडवी बसून राहिली. डबीतलं तांबडं पाण्यात जाऊन हिरवं होतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेरू कोरडा तांबडा आणि ओलाही तांबडा, एवढंच तिला जन्मभर माहीत. पण समजायचं ते तिला समजलं. रंग आला होता. तिच्या हाताखालून गेला होता आणि तिनंच वर जाऊन नाही म्हणून सांगितलं होतं. आता त्या शब्दावर ते पंप बसवणार आणि उनाळं आटणार. पुन्हा तट्टावर भांडी, पुन्हा वाट.

परतीच्या गाडीत ती दारापाशी गाठोडं मांडीवर घेऊन बसली. चुडाव्याला उतरल्यावर दोन कोस तिला दहा कोसांसारखे गेले. ती वस्तीवर न थांबता थेट वर गेली. उन्हं अजून होती. डेऱ्यांपैकी दोन उतरवलेले होते आणि एका छकड्यात लोखंडी सामान भरणं चाललं होतं. तिला वाटलं, पंपाला जागा करायलेत.

दिनकरराव पेटीवर बसून कागद बांधत होते. तिनं गाठोडं त्यांच्या पुढ्यात सोडलं. "साहेब, मपली चूक झाली. रंग आला व्हता. तांबडा न्हाई, हिरवा आला. तिसऱ्या दिशी. मला वाटलं शेवाळ."

त्यांनी लोकर हातात घेतली, उन्हात धरली. मग उठले, डबी शोधून काढली आणि चिमूटभर भुकटी पेल्यातल्या पाण्यात टाकली. आधी तांबडे धागे सुटले, आणि ढवळताच सगळा पेला पोपटी झाला. खिशातून घडी पडलेला कागद काढून त्यांनी उरलेला अर्धा वाचला. दाट असेपर्यंत रंग तांबडा, पातळ झाला की हिरवा, असं त्यात छापलेलं होतं.

"तुमची चूक नाही," ते म्हणाले. "माझी आहे. मीच तांबडा म्हणालो."

"मंग पंप थांबवा. दोनी पाणी एकच हाय. तुमी म्हणला व्हतात, मंग बघू."

दिनकरराव खाली बसले. त्यांना दम लागला होता. "बाई, पंप येणारच नव्हता. आम्ही चाललोय. रंग उतरला नाही म्हणून मी लिहिलं की हा दगड पाणी पितो पण सोडत नाही. असल्या दगडावर केंद्र काढून काय करणार? बड्या साहेबांचं उत्तर आज सकाळी आलं. भोक बुजवा आणि निघा."

केवळाबाईला शब्द कळले, पण अर्थ एकेक पायरी उतरत आला.

"म्हंजे रंग आला न्हाई म्हणून तुमी जायलाव."

"हो."

"आन् आला आसता तर?"

"तर दगड चांगला. पाणी मोकळं वाहतंय. मग इथं पंप, हौद, केंद्र, सगळं. आणि तुमचं कुंड चार महिन्यांत कोरडं." त्यांनी लोकरीवर हात ठेवला. "सरकारला पाहिजे होता तोच पुरावा तुम्ही धुऊन आणलात."

तिनं पदर तोंडाला लावला. रडायला नाही, नुसताच. छकड्यापाशी माणसं दोर आवळत होती. त्यात उमाजी होता. तो दोराचं टोक धरून उभा होता आणि त्याचं ओढण्याकडं लक्ष नव्हतं. मंडळी चालली हे त्याला सकाळीच कळलं असणार.

"आता काय करायचं?" तिनं विचारलं.

"मी काही पाहिलं नाही," दिनकरराव हळूच म्हणाले. "तुम्ही गाठोडं बांधा आणि घरी जा."

"तुमच्या नोकरीला..."

"खरं कळवलं तर आधी हे लिहावं लागेल की कागद न वाचता रंग ओतला. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत." ते कसनुसं हसले. "तेव्हा उपकार वगैरे समजू नका."

तीही उपकार समजत नव्हती. त्यात त्यांची सोय होती हे तिला दिसत होतं, आणि आपलीही होती हेही. फक्त उमाजीची नव्हती. गाठोडं इथंच सोडून गेलं तर त्याला खाकी कापडं मिळतील, पट्टा मिळेल, पगारही मिळेल. तोही बिचारा चालून चालून थकला होता. केंद्राच्या दारात बसला तर त्याचे पायही थांबतील. पण केंद्राचा चौकीदार उमाजीच होईल, असं लिहून कुणी दिलं नव्हतं. उनाळं मात्र आज हातात होतं. मग तिनं वाकून गाठोड्याच्या चारी टोकांना गाठी मारल्या.

"साहेब, त्यांला काय सांगू नगा," उमाजीकडं बघत ती म्हणाली.

"नाही सांगत."

खाली जाताना उमाजी तिच्या बरोबरीनं चालू लागला. "चालली मंडळी," तो म्हणाला. "दगड दगाबाज निघाला म्हणायलेत. पाणी धरून बसतो."

"आसंल."

"लोकर वापस कामून आणलीस?"

"किशनराव म्हणला वलसर हाय. वाळवून आणा."

"द्ये मपल्याकडं, जड आसंल." त्यानं गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढं चालू लागला. केवळाबाईच्या तोंडापर्यंत गोष्ट आली होती. तिथंच राहिली.

पांढरी लोकर तिनं माळावर दगड ठेवून उन्हात पसरली. तो रंग उन्हाला टिकणारा नव्हता. बाराव्या दिवशी लोकर पहिल्यासारखी पांढरी झाली आणि पुढच्या बाजारी किशनरावानं काही न बोलता घेतली. तोपर्यंत वरचं भोक मुरूम टाकून बुजवलं होतं.

दिनकरराव चार वर्षांनी निवृत्त होऊन नगरला गेले. मधे एकदा त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं. चुडाव्याच्या शाळामास्तरानं वाचून दाखवलं, तर त्यात शेळीचं दूध कसं आहे एवढंच विचारलं होतं. नंतर काही कळलं नाही. लोकरीचं केंद्र दुसऱ्याच जिल्ह्यात निघालं आणि थोड्या वर्षांत बंदही पडलं. किशनरावानं लोकर सोडून सरकीचा धंदा धरला. अंबाबाई एकाहत्तर साली गेली, शेवटपर्यंत बोलती.

उमाजी आणखी नऊ वर्षं मेंढरांमागं चालला. एका पावसाळ्यात मराठवाड्याबाहेर कुठंतरी तापानं आजारी पडला, सोबत्यांनी त्याला तट्टावर घालून वस्तीवर आणलं, आणि दोन दिवसांनी तो वारला. केवळाबाईनं त्याला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. तापात त्याला कळलं नसतं, आणि आधी धीर झाला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात माळाच्या आसपास पिण्यासाठी भोकं पाडली गेली. त्यांतलं एक त्या पिवळट दगडाला लागलं. गावाला पाणी मिळालं, आणि उनाळं पुढच्या उन्हाळ्यात आटलं. केवळाबाई तक्रार करायला कुठं गेली नाही. लोक तहानलेले होते, त्यात बोलायचं काय. ती तेव्हा साठीच्या घरात होती. कुंड कोरडं पडलं तरी ती तिथून हलली नाही. मेंढरं विकून टाकली, दुसऱ्याची लोकर कातून पोट भरलं, आणि आणखी अकरा वर्षं त्याच चुलीपाशी राहून एका माघात तिथंच गेली.